अवजड यंत्रे हलविताना...

बारामती, इंदापूर भागात शेतघराची पडवी हेच अनेकदा वर्कशॉप असते. पाण्याची मोटार, वेल्डिंग यंत्र, कडबाकुट्टी यांची हलवाहलव घरच्यांनाच करावी लागते. उन्हाळ्यात उजनी जलाशयाचे पाणी मागे हटले, की इंदापूर तालुक्यात काठावरच्या मोटारीही पाण्यामागे सरकवाव्या लागतात.

अमेरिकेतील ‘नायॉश’ संस्थेच्या १९९१ च्या सूत्रानुसार, परिस्थिती सर्वस्वी अनुकूल असली तरी एका व्यक्तीने २३ किलोपेक्षा अधिक वजन उचलणे योग्य नाही. त्यामुळे यंत्राचे वजन आधी जाणून घ्यावे. वीजजोडणी सोडवावी व वाट मोकळी करावी. सपाट जागी पहारीने एक बाजू उचलून खाली लोखंडी पाइप सरकवावेत आणि त्यांवरून यंत्र ढकलावे. उतारावर पाइप वापरू नयेत. वरच्या बाजूस भक्कम खुंटाला वेढलेला दोर हळूहळू सोडावा, खालच्या बाजूस कोणीही थांबू नये.

उचलण्यासाठी तिपाई व चेनपुली वापरावी. दोन पट्टे जमिनीशी केवळ ३० अंशांचा कोन करीत असतील, तर प्रत्येकावर यंत्राच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो. म्हणून पट्टे शक्य तितके उभे ठेवावेत. टांगलेल्या यंत्राखाली हातपाय घालू नयेत. यंत्र निसटलेच, तर सावरू नये, बाजूला व्हावे. मोटार पुन्हा दुरुस्त करता येते.