तापाचे कुळ आणि मूळ

हैदराबादच्या इतिहासात तापाला मानाचे पान आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी बेगमपेठच्या लष्करी इस्पितळात रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू पाहिला. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या काळी तापाची ओळख त्याच्या पाळीवरून होत असे. आयुर्वेदाने विषमज्वराचे अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक हे भेद केले, तेही तो किती दिवसांनी उलटतो यावरूनच. जंतू सापडल्यावर पाळीऐवजी कारण महत्त्वाचे ठरले.

परंतु कोणताही जंतू नसताना वारंवार उलटणारा, पोटात व सांध्यांत वेदना आणणारा आणि एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दिसणारा तापही असतो. ज्यू, आर्मेनियन, तुर्क व अरब कुटुंबांत आढळणाऱ्या अशा तापाला १९५८ साली ‘कौटुंबिक भूमध्यसागरी ताप’ हे नाव मिळाले. १९८२ साली आयरिश-स्कॉटिश वंशाच्या एका कुटुंबावरून ‘हायबर्नियन’ ताप नोंदला गेला. कारण ठाऊक नसल्याने नाव प्रदेशाचे!

रॉस यांच्या शोधाला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, १९९७ साली, दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे भूमध्यसागरी तापाचे ‘एमईएफव्ही’ हे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर शोधले. १९९९ साली हायबर्नियन तापाचे जनुकही सापडले आणि ‘स्वयंदाही रोग’ हा नवा वर्ग मांडला गेला. चोर नसताना पहारेकऱ्याने बोंब मारावी, तशी येथे शरीराची उपजत संरक्षणव्यवस्था विनाकारण पेटते. आता वर्गीकरण प्रदेशावरून नव्हे, जनुकावरून होऊ लागले.

हा केवळ नामकरणाचा प्रश्न नाही. भूमध्यसागरी तापावर उपचार न झाल्यास अमिलॉइड नावाचे प्रथिन साचून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. युनानी वैद्यकात संधिवातावर दिल्या जाणाऱ्या सुरंजानच्या जातीच्या वनस्पतीतून मिळणारे कोल्चिसिन १९७२ पासून या तापावर गुणकारी ठरले आहे. निदान वेळेवर झाले, तरच त्याचा खरा उपयोग.

हा ताप बहुधा आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्यास होतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला धोका चारात एक. हायबर्नियन तापात एकाच पालकाचा दोष पुरतो. तेथे तो दोनात एक. मामेबहिणीशी विवाह आणि मोजक्या घरांतच सोयरीक ही रीत आपल्या जुन्या घराण्यांना परकी नाही. २०१७ साली आपल्याच शहरातील सीसीएमबीचे कुमारसामी तंगराज व सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समूहांच्या अभ्यासातून दाखवले की, यांतील अनेक समूह थोड्याच पूर्वजांपासून वाढले असून त्यांत असे दोष दडलेले असू शकतात.

मात्र जनुकतपासणी म्हणजे अंतिम निकाल नव्हे. काही रुग्णांत एकच बदल सापडतो, काहींत एकही नाही. म्हणूनच २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत जनुकासोबत लक्षणांनाही स्थान आहे. उप्पलच्या सीडीएफडीसारख्या आनुवंशिक निदानाच्या संस्था शहरातच असल्या, तरी घरात कोणाला काय झाले होते, हे कुटुंबानेच सांगावे लागते. आपल्या कुलवृत्तांतांत मूळ गाव, इनामे आणि हुद्दे तपशीलवार असतात. दुखणी मात्र सोयरिकीच्या धास्तीने गाळली जातात. नातवंडांच्या दृष्टीने इनामाच्या सनदेपेक्षा ती गाळलेली ओळ अधिक मोलाची ठरेल.