अळवावरचा थेंब आणि इंजिनातला थेंब

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी आणि तटबंद्या उभ्या राहतात. पण आमच्या मुठा खोऱ्यात नदीचे पाणी शेतात चढविणाऱ्या डिझेल इंजिनालाही इतिहास आहे, आणि तो मोठा रंजक आहे. इंजिन काळा धूर ओकू लागले की मिस्त्री आधी नोझल उघडतो. तेल आणि हवा यांचा मेळ तिथेच बसतो किंवा बिघडतो.

रुडॉल्फ डीझेलने 1897 साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन चालवून दाखविले. त्यात ठिणगी नव्हती. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच तेल पेटावे! मात्र तेल आत उडवायलाही त्याला दाबलेली हवाच लागे, आणि तिच्यासाठी आणखी एक अवजड यंत्र. असले धूड नदीकाठी कोण नेणार? पुढे 1927 पासून बॉशचे पंप कारखान्यातून निघू लागले. तेल आपल्याच दाबाने बारीक छिद्रांतून आत शिरू लागले, आणि इंजिन आटोपशीर झाले. 1946 साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि खडकीची इंजिने शेताच्या बांधावर पोचली.

आता धुराकडे वळू. तेलाला वेळेत हवा भेटली नाही की काजळी उरते. ती अखेर आपल्याच छातीत जाते. म्हणून आत थेंबाचे काय होते, हे कळणे अगत्याचे.

अळवाच्या पानावर थेंब गोल राहतो, तो आपल्या पृष्ठताणामुळे. जणू त्याला कातडीच असते. ही कातडी नाहीशी होऊ शकते काय? होते! 1869 साली अँड्र्यूजने दाखविले, की 31 अंशांपलीकडे कार्बन डायऑक्साइड कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही. द्रव आणि वायू हा भेदच मावळतो. 1873 साली हॉलंडमधील व्हान डर वाल्स नावाच्या एका शाळामास्तराने याचे समीकरण मांडले. रेणूंना आकारमान असते आणि ते एकमेकांना ओढतात, एवढेच त्याने हिशेबात धरले. 1910 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या व्यवसायबंधूचा हा पराक्रम सांगताना मला अंमळ अभिमान वाटतो, हे लपवीत नाही.

त्याच घराण्यातले, 1976 सालचे पेंग आणि रॉबिन्सन यांचे समीकरण आज इंजिनाच्या गणितात वापरतात. आजच्या मोटारींत तेलाचा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दोन हजार पटींवर जातो. आतली हवा पुरेशी तप्त व दाट असेल, तर थेंबाची कातडी विरते आणि चहात दूध मिसळावे तसे तेल हवेत मिसळते. पण येथे एक मेख आहे. नायट्रोजन मिसळला की ही सीमा एकट्या तेलाची राहत नाही. ती पुष्कळ वर सरकते. म्हणून थेंब कुठवर टिकतो आणि कुठे विरतो, याचा हिशेब क्षणाक्षणाला करावा लागतो.

मिस्त्री पुन्हा नोझल उघडील तेव्हा मुलांना जवळ बोलवा आणि ते केसाएवढे छिद्र जरूर दाखवा.