उच्च शिक्षणातील तंत्रमाध्यमे आणि अध्यापकाचे नेतृत्व : एक ऐतिहासिक आढावा (१९८४ ते २०२०)

प्रस्तावना :
विद्यापीठीय अध्यापकाचे डिजिटल नेतृत्व म्हणजे केवळ यंत्र हाताळण्याचे कौशल्य नव्हे. कोणते साधन, कोणत्या विद्यार्थ्यासाठी व कशासाठी वापरावे याचा निर्णय घेणे आणि त्याची जबाबदारी स्वीकारणे म्हणजे नेतृत्व होय. प्रस्तुत लेखात भारतीय उच्च शिक्षणातील या नेतृत्वाचा आढावा घेतला आहे.

दूरचित्रवाणीचा कालखंड :
१५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा उपक्रम सुरू केला. इन्सॅट-१बी उपग्रहामुळे हे प्रक्षेपण देशभर पोहोचले. पुणे विद्यापीठातील माध्यम केंद्रानेही त्यासाठी कार्यक्रमांची निर्मिती केली. तथापि, सुरुवातीचे कार्यक्रम प्रामुख्याने इंग्रजीत होते, प्रक्षेपणाची वेळ ठरलेली होती आणि विद्यार्थ्याला त्याच वेळी शंका विचारण्याची सोय नव्हती. या रचनेत महाविद्यालयातील अध्यापकाला निश्चित स्थान नव्हते. विद्यार्थ्यांप्रमाणे तोही प्रेक्षकच राहिला.

संगणक व आंतरजालाचा कालखंड :
आयआयटी संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या ‘एनपीटेल’ प्रकल्पास २००३ मध्ये प्रारंभ झाला. नामवंत अध्यापकांची व्याख्याने लहान गावातील विद्यार्थ्यालाही हव्या त्या वेळी, पुन्हा पुन्हा पाहता येऊ लागली. मात्र व्याख्यान उपलब्ध होणे आणि ते आकलन होणे यांत अंतर आहे. या दृष्टीने आयआयटी मुंबईतील प्रा. दीपक फाटक यांचे कार्य महत्त्वाचे ठरते. त्यांनी दूरस्थ केंद्रांच्या साह्याने देशभरातील हजारो अभियांत्रिकी अध्यापकांना प्रशिक्षण दिले. त्याच संस्थेतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने संगणकविषयक छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले. येथे अध्यापक प्रेक्षक न राहता योजक झाला.

समारोप :
मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली, तेव्हा साधनांचा अभाव हा एकच प्रश्न नव्हता. कॅमेऱ्यासमोर केवळ टिपणे वाचून दाखविणे म्हणजे १९८४ च्या एकमार्गी प्रक्षेपणाचीच पुनरावृत्ती होती. याउलट, विद्यार्थ्याकडील मोबाईल व जोडणी यांचा विचार करून छोटे पाठ पाठविणे, शंकांसाठी वेळ राखून ठेवणे, यांत अध्यापकाचे नेतृत्व दिसून येते. म्हणून महाविद्यालयात संगणक किती, या नोंदीइतकीच त्यांच्या आधारे अध्यापकाने कोणता शैक्षणिक निर्णय घेतला, ही नोंदही आवश्यक आहे. अध्ययनाचा दर्जा अखेरीस त्या निर्णयावरच अवलंबून असतो.