कित्ता गिरवणारी मुले : संगणकावर संगीत शिकण्याची पहिली शाळा

१/
शिक्षक नाही, पाठ्यपुस्तक नाही, घरी इंटरनेट नाही. तरीही १९९०च्या आसपास युरोपातील असंख्य किशोरवयीन मुले संगणकावर संगीतरचना शिकली आणि त्यांतील काही पुढे नामांकित संगीतकार झाली. हे कसे घडले? एखादे संगीत-सॉफ्टवेअर प्रथमच उघडून भांबावलेल्या प्रत्येकाने वाचावा असा हा इतिहास.

२/
आरंभ १९५७चा. अमेरिकेतील बेल लॅब्जचे अभियंते मॅक्स मॅथ्यूज यांनी ‘म्युझिक’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि आयबीएम ७०४ या अवाढव्य यंत्राकडून १७ सेकंदांची एक रचना वाजवून घेतली. यंत्र न्यूयॉर्कमध्ये होते. तेथे भरलेली चुंबकीय फीत न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत आणावी, तेव्हा कुठे आवाज कानी पडे.

३/
म्हणजे संगणक-संगीत शिकायचे, तर आधी प्रयोगशाळेत प्रवेश हवा. मॅथ्यूज यांनी १९६९मध्ये या तंत्रावर पुस्तक प्रसिद्ध केले, परंतु ते वाचून प्रयोग करण्याजोगे यंत्र सामान्य घरात नव्हते. ज्ञान छापील झाले, तरी साधन कुलुपातच राहिले.

४/
कुलूप सैल झाले ते १९८३मध्ये. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ‘मिडी’ ही सामाईक संकेतपद्धती आली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख शिल्पकार. १९८५च्या अटारी एसटी या घरगुती संगणकाला तर मिडीची खोबणी जन्मतःच होती.

५/
पण मिडीच्या फाइलमध्ये आवाज नसतो. कोणता स्वर, केव्हा, किती जोराने वाजवायचा, एवढ्याच सूचना असतात. ती एक स्वरलिपीच म्हणा ना! मित्राची फाइल आपल्याकडे आणली, तरी त्याचा सिंथेसायझर आपल्याकडे नसेल तर ती निराळीच वाजणार. आणि सिंथेसायझर विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारा नव्हता.

६/
येथे कथेत अमिगा येतो. कमोडोर कंपनीच्या या संगणकात ‘पॉला’ नावाची चिप होती. ती रेकॉर्ड केलेल्या ध्वनीचे छोटे तुकडे, म्हणजे सॅम्पल, थेट वाजवू शके. मर्यादा मात्र कडक : एका वेळी फक्त ४ आवाज, तेही ८ बिटचे.

७/
१९८७मध्ये कार्स्टेन ओबार्स्की या जर्मन प्रोग्रॅमर-संगीतकाराने अमिगासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ तयार केला. पडद्यावर चार उभे रकाने आणि ६४ आडव्या ओळी. प्रत्येक ओळीत स्वर, सॅम्पलचा क्रमांक आणि एक सांकेतिक आज्ञा. संगीत सुरू झाले, की ओळी वर सरकत जात.

८/
खरी क्रांती होती ती फाइलच्या रचनेत. ट्रॅकरच्या ‘मॉड’ फाइलमध्ये स्वर, आज्ञा आणि सॅम्पल हे सारे एकत्र असे. ती उघडणाऱ्याला गाणे जसेच्या तसे ऐकू येई आणि त्याच वेळी ते कसे बांधले आहे, हेही ओळीओळीने दिसे. पक्वान्न आणि पाककृती एकाच ताटात!

९/
आपल्याकडे अक्षर सुधारण्यासाठी कित्ता गिरवतात. वळणदार अक्षर समोर ठेवायचे आणि हात त्याच वळणाने फिरवायचा. ट्रॅकरवरील मुलांनी नेमके हेच केले. आवडलेले गाणे उघडायचे, तीन रकाने बंद करून एकच ऐकायचा, एखादा आकडा बदलायचा, काय बिघडते ते पाहायचे.

१०/
एक उदाहरण पाहा. चार रकान्यांपैकी तीन एका कॉर्डवर खर्च केले, तर ताल आणि खर्ज यांना जागा कुठली? म्हणून रचनाकार ०४७ ही आज्ञा देत. तिच्यामुळे एकाच रकान्यात मूळ स्वर, त्याच्या ४ अर्धस्वर वरचा आणि ७ अर्धस्वर वरचा असे तीन स्वर अतिवेगाने आलटून पालटून वाजत आणि कानाला कॉर्डचा भास होई.

११/
आता ०४७च्या जागी ०३७ लिहा. मेजर कॉर्ड मायनर होते. आपल्या भाषेत सांगायचे, तर सा-ग-प मधील शुद्ध गंधार कोमल झाला. सिद्धान्ताचे एक अक्षरही न वाचलेला पंधरा वर्षांचा मुलगा एक आकडा बदलून हे शिके, आणि कानाने शिकलेले सहसा विसरले जात नाही.

१२/
साधनांची टंचाईही गुरू ठरली. रकाने चारच, फ्लॉपीवर जागा ८८० किलोबाइट. असंख्य वाद्यांतून निवड करण्याचा प्रश्नच नव्हता; असलेल्या सॅम्पलांतून गाणे पुरे करावे लागे. त्यामुळे नवशिक्याची गाणी पूर्ण होत, आणि पुढचे गाणे मागच्यापेक्षा बरे होई.

१३/
ही शाळा भरे तरी कुठे? आधी टपालाने फिरणाऱ्या फ्लॉप्यांवर. मग मेळाव्यांत : डेन्मार्कमध्ये १९९१पासून ‘द पार्टी’, फिनलंडमध्ये १९९२पासून ‘असेम्ब्ली’. तेथे संगीताच्या स्पर्धा होत. सॅम्पलांच्या नावांसाठी राखलेल्या जागेत मुले मित्रांना निरोप, आभार आणि टोमणेही लिहीत.

१४/
या मोकळेपणाला काळी बाजू होती, ती झाकू नये. ओबार्स्कीचा प्रोग्रॅम विकाऊ होता. इतरांनी तो उकलून त्याच्या सुधारित आवृत्त्या पसरवल्या. नॉइझट्रॅकर, प्रोट्रॅकर ही त्याचीच वंशावळ. कित्येक सॅम्पल दुसऱ्यांच्या तबकड्यांतून उचललेले असत.

१५/
तरी या समाजाने स्वतःचा एक दंडक घडवला. दुसऱ्याची रचना उघडून शिकणे सर्वमान्य होते. तीच किरकोळ बदलून आपल्या नावाने खपवणे मात्र लाजिरवाणे. कित्ता गिरवावा, पण त्याखाली आपली सही करू नये.

१६/
या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी एक डेन्मार्कचा येस्पर कीड. अमिगावर रचना करणारा हा तरुण पुढे ‘हिटमॅन’ आणि ‘असॅसिन्स क्रीड’ या गेम-मालिकांचा संगीतकार झाला. १९९८च्या ‘अनरियल’ या गाजलेल्या गेमचे संगीतही ट्रॅकर पद्धतीच्या फाइलींतच होते.

१७/
पुढे पीसी सामर्थ्यवान झाले. १९९८मध्ये बेल्जियमहून फ्रूटीलूप्स आले, तेच आजचे एफएल स्टुडिओ. २००१मध्ये बर्लिनहून एबलटन लाइव्ह आले. रकान्यांची मर्यादा गेली, आवाज सुधारला. गाणी मात्र एमपी३ रूपात फिरू लागली. एमपी३ म्हणजे शिजलेले अन्न. त्यातून मीठ किती पडले, हे उकलून दाखवता येत नाही.

१८/
ती पोकळी व्हिडिओंनी भरून काढली. पण व्हिडिओत हात दुसऱ्याचा चालतो. पाहताना सारे समजल्यासारखे वाटते. स्वतः कोरा पडदा उघडला, की काही सुचत नाही. पूर्वी धड्यांचा दुष्काळ होता, आज महापूर आहे, आणि महापुरातही प्यायचे पाणी शोधावेच लागते.

१९/
मग इतिहास नवशिक्याला काय सांगतो? एकच सॉफ्टवेअर निवडा. एलएमएमएस आणि ओपनएमपीटी मोफत आहेत. प्राथमिक ओळखीसाठी एबलटनने २०१७मध्ये ब्राउझरमध्येच चालणारे मोफत धडे खुले केले. त्यानंतर सॉफ्टवेअरसोबत आलेला नमुना-प्रकल्प उघडा, एकेक ट्रॅक सुटा ऐका, एक गोष्ट बदला आणि फरक टिपा.

२०/
मग स्वतःवर जुनी मर्यादा घाला : चार ट्रॅक, एक मिनिट, आणि गाणे पूर्ण. जुने कित्ते आजही उपलब्ध आहेत. १९९६पासून चालू असलेल्या ‘द मॉड आर्काइव्ह’ या संग्रहात लाखाहून अधिक रचना आहेत, आणि प्रत्येक उघडून वाचता येते.

२१/
एखादी कला किती जणांपर्यंत पोहोचेल, हे यंत्राच्या ताकदीइतकेच जाणत्यांनी आपले काम उघडे ठेवले की नाही यावरही ठरते. म्हणून एक विनंती : तुमचे पहिले गाणे पुरे झाले, की त्याची प्रकल्प-फाइलही मित्राला द्या. त्याच्यासाठी तोच कित्ता ठरेल.