तुरटीचें माणिक



आमच्या घरांत एक जुनी अंगठी आहे. १९२५ च्या सुमारास माझ्या आजीच्या लग्नांत तिच्या वडिलांनीं शेताचा एक तुकडा गहाण ठेवून ती घेतली. मधोमध हरभऱ्याएवढें लालभडक माणिक आहे. 'हें ब्रह्मदेशच्या खाणींतलें' असें विकणाऱ्यानें शपथेवर सांगितलें होतें. गेल्या वर्षीं ही अंगठी मीं एका रत्नपारख्यास दाखविली. त्यानें भिंगांतून क्षणभर पाहिलें आणि भिंग माझ्या हातीं दिलें. खड्याच्या पोटांत ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा बारीक वक्र रेषा होत्या, आणि एकदोन वाटोळे बुडबुडे. "मास्तर, हें माणिकच आहे, पण खाणींत झालेलें नाहीं, भट्टींत झालेलें आहे," तो म्हणाला. माणिक आहे, आणि तरी खाणींतलें नाहीं! मग तें खरें म्हणावें कीं खोटें? ह्या प्रश्नाचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

रत्नांची नक्कल ही कांहीं आजकालची गोष्ट नव्हे. लोखंड, पुष्कराज, गोमेद, वैडूर्य, स्फटिक व काच ह्यांपासून चतुर लोक हिऱ्याचीं प्रतिरूपें करतात, तेव्हां परीक्षा करूनच घ्यावें, असा इशारा गरुडपुराणांतील रत्नपरीक्षेंत दिलेला आहे. अठराव्या शतकांत पॅरिसच्या स्ट्रास नांवाच्या जवाहिऱ्यानें शिसें मिसळलेल्या काचेचे चकचकीत खडे करून मोठें नांव मिळविलें. परंतु हा सर्व सोंगाचा प्रकार होता. राजाचा पोशाख चढविला म्हणून नट राजा होत नाहीं. तशी लाल काच कानशीखालीं आली कीं तिचें काचपण उघडें पडे.

एकोणिसाव्या शतकांत मात्र निराळेंच घडलें. माणिक व नीलम हीं एकाच दगडाचीं दोन रूपें आहेत, आपण ज्याला कुरुंद म्हणतों त्याचेच ते निर्मळ अवतार आहेत, हें रसायनशास्त्रानें दाखवून दिलें. ॲल्युमिनियम व ऑक्सिजन ह्यांचें तें संयुग. त्यांत किंचित् क्रोमियम मिसळलें तर माणिक; लोह व टायटॅनियम मिसळलें तर नीलम. आणि हेंच संयुग तुरटींतूनहि काढतां येतें. न्हाव्याच्या पेटींतली तुरटी आणि राजाच्या मुकुटांतलें माणिक ह्यांचें मूलद्रव्य एकच! एवढें कळल्यावर शास्त्रज्ञ स्वस्थ कसे बसणार? पॅरिसचे प्राध्यापक फ्रेमी ह्यांनीं फाइल नांवाच्या सहकाऱ्यासह १८७७ मध्यें मुशींत माणकाचे स्फटिक तयार केले. पण ते पापुद्र्यांसारखे पातळ निघाले. दागिन्यास त्यांचा उपयोग नव्हता.

ह्यानंतरचें १८८६ हें वर्ष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षाच्या एप्रिलांत ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा इंग्रजांचा बंदी म्हणून आपल्या रत्नागिरीस आला. मोगोकच्या जगप्रसिद्ध माणकांच्या खाणी त्याच्या राज्यांत होत्या. मोठें माणिक सांपडलें कीं तें राजाचें, असा तेथील दंडक होता. राजा गेला, आणि १८८९ मध्यें त्या खाणींसाठीं लंडनला 'बर्मा रुबी माइन्स' ही कंपनी स्थापन झाली. आपलीं माणकें इंग्रज अधिकाऱ्यांनीं नेलीं, अशी तक्रार करीत थिबा १९१६ मध्यें रत्नागिरीसच वारला.

इकडे खाणीसाठीं राज्य बुडत असतां, तिकडे युरोपच्या बाजारांत जिनीव्हाकडून कांहीं सुरेख माणकें येऊं लागलीं होतीं. तीं खाणींतलीं म्हणूनच विकलीं गेलीं. पुढें संशय आला. पॅरिसच्या जवाहिऱ्यांच्या मंडळानें १८८६ मध्येंच फ्रीदेल ह्या रसायनज्ञाकडून त्यांची परीक्षा करविली. आंत वाटोळे बुडबुडे दिसले. तीं माणकें कृत्रिम ठरलीं. तेव्हां मंडळानें जो निर्णय दिला, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. हे खडे विकावेत, परंतु कृत्रिम म्हणून सांगूनच विकावेत, असा तो निर्णय होता. खड्यावर बंदी नाहीं, बंदी लबाडीवर.

भट्टीचें खरें रहस्य उलगडलें तें फ्रेमींचा शिष्य ऑग्यूस्त व्हर्नुई ह्यानें. १८९१ व १८९२ मध्यें त्यानें आपली कृति मोहोरबंद पाकिटांत घालून पॅरिसच्या विज्ञान अकादमीपाशीं ठेविली, आणि १९०२ मध्यें ती जाहीर केली. कृति ऐकावयास सोपी आहे. तुरटीपासून केलेली शुद्ध भुकटी, तींत थोडें क्रोमियम. वरच्या डबीवर एक लहानशी हातोडी टकटक करीत राहते. प्रत्येक ठोक्यासरशी चिमूटभर भुकटी ऑक्सिजन व हायड्रोजन ह्यांच्या ज्योतींतून खालीं पडते, दोन हजार अंश सेंटिग्रेडहून अधिक उष्णतेनें वितळते आणि खालच्या खुंटीवर थरावर थर चढत जातो. सुमारें दोन तासांत दहापंधरा कॅरटांचा पेरूच्या आकाराचा गोळा तयार होतो. हे थर वक्र असतात, म्हणूनच माझ्या आजीच्या खड्यांत त्या वक्र रेषा होत्या. भूगर्भांत हजारों वर्षें सावकाश वाढलेल्या माणकांत रेषा असल्या तर त्या सरळ व कोनांत असतात.

१९०७ मध्यें ह्या रीतीनें वर्षाकांठीं १००० किलोग्रॅम, म्हणजे ५० लक्ष कॅरट, माल निघूं लागला. मोगोकच्या कंपनीस ह्याचा मोठाच धक्का बसला. अमेरिकेंतील मंदीनें मागणी घटली होतीच. त्यांत 'हें माणिक खाणीचें कीं भट्टीचें?' ह्या शंकेनें गिऱ्हाइकांचा विश्वासहि डळमळला. १९२५ मध्यें कंपनी दिवाळ्यास लागली आणि १९३१ मध्यें तिनें खाणींचा मक्ता सोडला. भट्टींतल्या माणकाचें तसें झालें नाहीं. घड्याळाच्या तबकडीवर '१७ ज्वेल' असें लिहिलेलें आपण पाहिलें असेल. चाकांच्या कण्या झिजूं नयेत म्हणून आंत बसविलेले ते खडे बहुधा ह्याच जातीचे. १९६० मध्यें कॅलिफोर्नियांत मेमन ह्या शास्त्रज्ञानें जगांतला पहिला लेसर किरण काढला, तोहि कृत्रिम माणकाच्या कांडींतून.

माणकाची ही कथा पुढें हिऱ्याच्या वांट्यास आली. १९५४ मध्यें अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेंत प्रचंड दाबाखालीं हिरा तयार झाला. आज सुरतेस असे हिरे विपुल होतात. ते कार्बनचेच, म्हणजे हिरेच आहेत. ह्याउलट 'अमेरिकन डायमंड' म्हणून जो खडा आपल्या बायका वापरतात, तो झिर्कोनियमच्या संयुगाचा. १९७० नंतर तो प्रचारांत आणण्याचें मोठें काम मॉस्कोच्या शास्त्रज्ञांनीं केलें. म्हणजे तो ना अमेरिकन, ना डायमंड! जो हिरा आहे त्याला खोटा म्हणावयाचें, आणि जो नाहीं त्याला डायमंड म्हणावयाचें, असा आपला व्यवहार चालला आहे.

म्हणून मला वाटतें कीं खरें-खोटें ठरवितांना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. वस्तु कोणती, हा एक. ती कोठून आली, हा दुसरा. विकणाऱ्यानें दोन्हींचीं उत्तरें प्रामाणिकपणें दिलीं, तर भट्टीच्या खड्यानें कोणाचेंच नुकसान होत नाहीं. खाणीच्या माणकाचेंहि नाहीं. २०१५ मध्यें जिनीव्हाच्याच लिलांवांत २५.५९ कॅरटांचें एक ब्रह्मी माणिक तीन कोटि डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. दुर्मिळतेचें मोल द्यावयास माणसें तयार असतात. त्यांना फक्त खात्री हवी असते.

आतां आजीच्या अंगठीविषयीं. आजीच्या वडिलांनीं मोल दिलें तें खाणीचें, आणि हातीं आलें तें भट्टीचें. गहाण पडलेला तो तुकडा पुढें सुटला नाहीं, एवढें मला ठाऊक आहे. पण दोष खड्याचा नव्हता. त्यानें आपली जन्मकथा पोटांत स्पष्ट लिहून ठेविली होती. भिंग लावील त्यास ती वाचतां येत होती. खोटी होती ती विकणाऱ्याची शपथ. अंगठी आतां माझ्या नातीस द्यावयाची आहे. तिच्या डबींत एक चिठ्ठी ठेविली आहे : "माणिक. भट्टींत झालेलें. तुझ्या खापरपणजीच्या वडिलांनीं शेत गहाण ठेवून घेतलेलें." ह्यांतला एकहि शब्द खोटा नाहीं.