ओगलेवाडीचा प्रभाकर आणि तंबूतला दिवा



मे महिन्यातली बँक हॉलिडे जवळ आली, की तंबू, स्लीपिंग बॅगा आणि ठेपल्यांचे डबे घेऊन आपल्यातली बरीच घरे लेक डिस्ट्रिक्टकडे निघतात. कुणाच्या सामानात हौसेने घेतलेला एखादा रॉकेलचा कंदीलही असतो. तुमच्याही असेल, तर त्याची ही गोष्ट.

रॉकेल हा शब्द ‘रॉक ऑइल’वरून आला. इथे त्याला पॅराफिन म्हणतात. कोळशापासून हे तेल काढण्याचे पेटंट स्कॉटलंडच्या जेम्स यंग यांनी १८५० साली घेतले. तेल स्वस्त झाले तसा कंदील जगभर गेला. वाऱ्यात तो विझत नाही याचे श्रेय बाजूच्या दोन पोकळ नळ्यांना. ज्योतीला हवा त्यांच्यातून मिळते, म्हणून झोत थेट वातीवर येत नाही. इंग्रज त्याला हरिकेन लॅम्प म्हणतात ते यामुळेच.

आपल्याकडे आधी हे कंदील अमेरिकेतून आणि जर्मनीतून येत. मग १९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानात, कराडजवळ, काच कारखाना काढला. संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी उद्योगांना हात देणारे. किर्लोस्करवाडीही त्यांच्याच मुलखातली. या कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. प्रभाकर म्हणजे सूर्य, आणि ओगल्यांच्या वडिलांचे नावही प्रभाकरच. तुमच्या आजीला विचारा: संध्याकाळी राखेने काच पुसायची, वात कातरायची, तेल भरायचे, हे काम घरातल्या मुलांचे असे. काच फुटली तर काच मिळे, वात संपली तर वात. अख्खा कंदील टाकून द्यायची वेळ क्वचितच येई. आजच्या चार्जिंगच्या दिव्याची बॅटरी गेली की आपण काय करतो, ते सांगायला नको.

गंमत बघा. कराडला कोयना कृष्णेला मिळते. त्याच कोयनेवर धरण झाले, १९६०च्या दशकात तिथली वीज आली, आणि वीज गावोगाव पोचली तसा कंदील खुंटीवरून माळ्यावर गेला.

आता तंबूचे बोला. माझे मत स्पष्ट आहे: तंबूत फक्त एलईडी. कंदील तेलाबरोबर हवेतला ऑक्सिजनही खातो. बंद तंबूत ज्योत नीट जळेनाशी झाली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. इथल्या पावसात आपण तंबूची चेन घट्ट लावून बसतो, म्हणून धोका जास्त. विझलेली शेगडी किंवा बार्बेक्यूसुद्धा आत घेऊ नका, निखारे धुमसतच असतात. एलईडीत जळत काहीच नाही. पांढऱ्या एलईडीला लागणारा निळा प्रकाश जमवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले, ते उगाच नव्हे.

कंदील घेऊन जा, जरूर. कॅम्पसाइटची परवानगी असेल तर बाहेर, तंबूपासून लांब, सपाट जागेवर लावा आणि मुलांना वात वर-खाली करून दाखवा. तेल मात्र पेटत्या कंदिलात कधीही भरू नका.

आणि पुढच्या भारतवारीत पुण्याहून कोल्हापूरला रेल्वेने निघालात, तर कराड स्टेशनवर खिडकीतून डोकवा. ओगलेवाडी तिथेच आहे.