अकरा मिनिटांची मान्यता : इस्राएल आणि अमेरिका, १९४८-४९

१४ मे १९४८ रोजी वॉशिंग्टनच्या वेळेप्रमाणे सायंकाळी ६ वाजता पॅलेस्टाइनमधील ब्रिटिश राजवटीची मुदत संपली आणि ६ वाजून ११ मिनिटांनी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी नव्या ज्यू राज्यास मान्यता दिली. ह्या अकरा मिनिटांची कथा सर्वश्रुत आहे. त्या मान्यतेचे स्वरूप काय होते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

१९४४ च्या निवडणुकीत अमेरिकेतील दोन्ही प्रमुख पक्षांनी आपापल्या जाहीरनाम्यांत ज्यूंच्या पॅलेस्टाइनमधील प्रवेशास अनुकूलता दर्शविली होती. म्हणजे राजकीय पाठिंबा एका पक्षापुरता नव्हता. विरोध होता तो परराष्ट्रखात्यात. अरब देशांतील तेल आणि त्या प्रदेशात सोव्हिएत प्रभाव शिरण्याची भीती, ही त्यामागील कारणे क्षुल्लक म्हणता येणार नाहीत. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी संमत केली, तेव्हा अमेरिका बाजूने होती. परंतु १९ मार्च १९४८ रोजी तिचे प्रतिनिधी वॉरन ऑस्टिन यांनी सुरक्षा समितीत तात्पुरत्या विश्वस्त-राजवटीची सूचना मांडली. आदल्याच दिवशी ट्रूमन यांनी झिऑनवादी नेते हाइम वाइझमन यांना गुप्त भेटीत फाळणीच्या पाठिंब्याची ग्वाही दिली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे शासनातील विसंवाद किती खोल होता ते कळते.

१२ मेच्या बैठकीत हा विसंवाद उघड झाला. सल्लागार क्लार्क क्लिफर्ड यांनी तत्काळ मान्यतेचा पक्ष मांडला. त्यावर परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी, हा सल्ला मानल्यास आपण निवडणुकीत राष्ट्राध्यक्षांविरुद्ध मत देऊ, असे त्यांच्या तोंडावर सुनावले. पुढे मार्शल यांनी जाहीर विरोध न करण्याचे मान्य केले, एवढेच. आमसभेत बसलेल्या अमेरिकी प्रतिनिधींपैकी अनेकांना तर मान्यतेची वार्ता वृत्तसंस्थांकडून कळली!

निवेदनाच्या टंकलिखित मसुद्यात राज्याचे नावही नव्हते. ‘ज्यू राज्य’ हे शब्द खोडून ‘इस्राएल’ हे नाव हाताने लिहिले गेले. परंतु नावाहून महत्त्वाचा शब्द दुसरा आहे. निवेदनाने तात्पुरत्या सरकारास केवळ ‘डी फॅक्टो’, म्हणजे प्रत्यक्षात अस्तित्वात असलेली सत्ता म्हणून मानले. विधिवत, अर्थात ‘डी ज्यूरे’, मान्यता प्रथम दिली ती सोव्हिएत रशियाने, १७ मे रोजी. शस्त्रांच्या बाबतीतही तेच. अमेरिकेने डिसेंबर १९४७ मध्ये घातलेली शस्त्रनिर्यातबंदी मान्यतेनंतरही उठली नाही. इस्राएलला शस्त्रे मिळाली ती मुख्यतः चेकोस्लोव्हाकियातून.

ट्रूमन यांनी ज्यू मतांसाठी हे केले, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. तो निराधार नाही, पण अपुरा आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये ज्या न्यूयॉर्क राज्यात ज्यू मतदार सर्वाधिक होते, तेथे त्यांचे प्रतिस्पर्धी थॉमस ड्यूई विजयी झाले. शिवाय केवळ मतेच हवी असती, तर निवडणुकीपूर्वी विधिवत मान्यता देऊन टाकणे अधिक सोयीचे ठरले असते. ट्रूमन थांबले. इस्राएलमध्ये २५ जानेवारी १९४९ रोजी निवडणुका झाल्या. त्यानंतर ३१ जानेवारीस अमेरिकेने विधिवत मान्यता दिली, आणि त्याच दिवशी तीच मान्यता शेजारच्या ट्रान्सजॉर्डनलाही दिली.